पुढे फेकलेला चेंडू

मी दोन महिने शाळेच्या मुलींना रग्बी म्हणून भलताच खेळ शिकवला.

शाळा सोलापुरातली, मी तिथला क्रीडाशिक्षक. रग्बीचं वेड मला नव्हतं, शाळेत कुणालाच नव्हतं. वेड होतं ते दहावीच्या वाढीव गुणांचं. कबड्डीत किंवा खो-खोत ते मिळवायचे तर खरंच खेळावं लागतं, आणि तिथे खेड्यापाड्यांतल्या पोरी जीव तोडून खेळतात. म्हणून मुख्याध्यापकांनी मला गुण मिळणाऱ्या खेळांची यादी दिली आणि जिल्ह्यात कुणीच खेळत नाही असा खेळ शोधायला बसवलं. जिथे समोर कुणी नाही तिथे आपला पहिला नंबर, एवढंच आमचं क्रीडाधोरण. पालकांनाही ते फार पसंत पडलं.

चेंडू मागवला. आला तो वाळल्या वांग्यासारखा चपटा, आणि शाळेच्या पंपाची पिन मीच हरवलेली. नियमांचं पुस्तक मागवायचं तर माझ्या डोक्यातही आलं नाही. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. लांबट चेंडू, ढकलाढकली, एकमेकांवर कोसळणारे दांडगे पुरुष, सगळं जुळत होतं. प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तेवढं श्रीमंत देशांचे चोचले म्हणून मी वगळलं आणि बाकीचं जसंच्या तसं उचललं.

तो अमेरिकन फुटबॉल होता. त्यात चेंडू हाताने पुढे फेकतात. रग्बीत हाताने चेंडू द्यायचा तो मागे किंवा बाजूला. पुढे फेकला की शिट्टी. म्हणजे बारा मुलींना मी रोज सकाळी घसा फोडून जी एक गोष्ट शिकवली, नेमकी तीच त्या खेळात चालत नाही.

त्या बारांतली एक होटगीची होती. वडील रेल्वेत, रुळांच्या गँगमध्ये. बाकीच्या अकराजणी गुणांसाठी यायच्या, ही पळायला यायची. तो चपटा चेंडू तिने एक दिवस घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी दगडासारखा टणक करून आणला. कुठून भरून आणला, मी विचारलं नाही. चेंडू हातात धरून मी माझा फोटो तेवढा काढून घेतला.

तिच्या वडिलांनी एकदा मला शाळेच्या फाटकाशी गाठलं. म्हणाले, "सर, हिला एक वरीस दिलंय. राज्याच्या टीममदी आली तर खेळू दे. न्हाय आली तर खेळ बंद."

"काळजी करू नका, मी आहे ना," मी म्हणालो. बिचारे निश्चिंत होऊन ड्युटीवर गेले.

जिल्हा स्पर्धेत आमच्याशिवाय एकच संघ होता, तोही आला नाही. आम्हाला पुढे चाल मिळाली. चेंडूला पाय न लावता जिंकून आलो आणि शाळेत माझं भाषण झालं. मी जिद्द या विषयावर बोललो.

मग पुण्याला निवड चाचणी. राज्याचा संघ तिथूनच निघणार होता. हिने पहिलाच चेंडू झेलला, दोघींना हुलकावणी दिली आणि पुढे धावणाऱ्या मुलीच्या थेट ओंजळीत फेकला. फेक इतकी देखणी, की मी टाळी वाजवली. शिट्टी झाली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा निवड समितीतल्या बाई मैदानात आल्या आणि म्हणाल्या, "काय गं, कोण शिकवतं तुला?"

मी पाच हातांवर उभा होतो, गळ्यात शिट्टी अडकवून. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"कुणी न्हाय, मॅडम. मीच मोबाइलवर बघून शिकले."

मी पुढे व्हायला हवं होतं. तिचं ते वर्ष पणाला लागलंय हे त्या मैदानात तिच्याखेरीज फक्त मला माहीत होतं. मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी बांधू लागलो. त्या दिवशी माझ्या पायात चपला होत्या.

तिची निवड झाली नाही. परतीच्या गाडीत मी मुलींना निवडीतलं राजकारण समजावून सांगत होतो. कुर्डुवाडी गेल्यावर ती खिडकीतून बाहेर बघत हळूच म्हणाली, "सर, चेंडू मागं द्यायचा आस्तो."

"माहितीय मला," मी म्हणालो. त्याच सकाळी माहीत झालं होतं.

वडील शब्दाचे पक्के, त्यांनी खेळ बंद केला. आई मध्ये पडली. एक वरीस तुमी दिलं, ह्ये माझं, असं तिने नवऱ्याला सांगितलं म्हणे. त्या वर्षात पोरीने मला विचारणंच सोडलं. दक्षिण आफ्रिकेतल्या एका खेळाडूचे व्हिडिओ तिला सापडले होते, शाळेच्या मैदानापासून थेट व्यावसायिक संघापर्यंतचे. ते तिने ओळीने पाहिले, पुन्हा पुन्हा पाहिले. एकदा मला म्हणाली, "सर, त्येच्या शाळंतल्या सरांनी नुस्ता हात वर केला, की पंधरा पोरं जागा बदलत्यात." टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. ती खरंच कौतुकाने सांगत होती.

पुढच्या खेपेला ती राज्याच्या संघात आली. मग कॉलेज, मग शिबिरं, आणि आता एका व्यावसायिक संघाशी तिचा करार झालाय. आमच्या चौकात फ्लेक्स लागला. त्यात माझा फोटो तिच्यापेक्षा मोठा आहे. फ्लेक्स मीच छापून घेतला.

तेवढ्यावर थांबावं की नाही. मी आदर्श क्रीडाशिक्षक पुरस्काराचा प्रस्ताव करायला घेतला. आपल्याकडे आदर्श माणसाला आपण किती आदर्श आहोत हे स्वतःच लिहून द्यावं लागतं, तीन प्रतींत, स्पायरल बाइंडिंग करून. मी वीस पानं लिहिली. त्या आफ्रिकेतल्या सरांशी स्वतःची तुलनाही केली, आणि त्यात मी थोडा सरस ठरलो. सोबत घडवलेल्या खेळाडूचं पत्र जोडायचं होतं. ती सुट्टीवर आली तसा पेढे घेऊन होटगीला गेलो.

तिने मला खुर्ची दिली आणि स्वतः कागद घेऊन खाली बसली. "काय लिवू, सर?"

"खरं असेल ते लिही." असली वाक्यं मला नको तेव्हा सुचतात.

तिने माझं नाव लिहिलं. मग पेनाचं टोपण चावत बसली. तिला मनापासून मदत करायची होती, ते दिसत होतं. "तुमी रोज टाइमावर..." असं म्हणाली, थोडा विचार केला आणि म्हणाली, "न्हाय, त्ये बी न्हाय."

उंबऱ्यात आई मेथी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आगं, चेंडू आनला हुता की सरांनी."

मी खुर्चीत ताठ झालो.

"त्येवढं लिव्ह," आई म्हणाली. "आन् हवा तुझ्या मामानं भरली, त्ये बी लिव्ह."