चास्मादीची बासरी

चास्मादीचं नाव कुणी काढलं की माझ्या पोटात दुखतं. लपवून काय करू? अख्ख्या इंद्रमायू गावाला ते माहीत आहे.

आम्ही दोघंही लग्नात, सुंतेच्या जेवणात एकट्याने कीबोर्ड वाजवतो. एक माणूस, एक पेटी, पुढे एक गाणारी. ढोल, बास, बासरी सगळं त्या पेटीतूनच काढायचं. मी हे काम चास्मादीच्या कितीतरी आधीपासून करतो. तेव्हा तो कोळंबीच्या तळ्यावर राखणदार होता. अजूनही मांडवात रबरी चपला घालून येतो, कीबोर्डला आईने शिवलेला फुलाफुलांचा अभ्रा घालतो आणि दोन गाण्यांच्या मध्ये कोळंबीचे पापड कुरकुर खात बसतो. मी बूट घालतो, कोट घालतो. तरी लोक विचारणार, "चास्मादी मोकळा आहे का हो?"

कारण त्याची बासरी. तशी पेटीतली बासरी सगळ्यांकडे तीच. तिला दुसरे कोणते आवाज जोडायचे आणि किती दाबायचे, ते ज्याचं त्याचं. मी बासरीखाली व्हायोलिनांचा ताफा लावतो, त्याखाली 'आऽ' करणारा बायकांचा घोळका, वरून थोडं अ‍ॅकॉर्डियन. भरगच्च! यजमानाला वाटलं पाहिजे, दहा माणसं आणलीत. चास्मादी म्हणे दोनच आवाज जोडतो. आणि तेवढ्यावर म्हाताऱ्यासुद्धा नाचायला उठतात.

आणि वार्तिनी. ती वर्षानुवर्षं माझ्याकडे गायची. एक दिवस म्हणाली, "कांग," (आमच्याकडे दादाला कांग म्हणतात) "माझा घसा फार बसतोय. थोडे दिवस थांबते." थांबली कसली, चास्मादीकडे गायला लागली. पुढे त्याच्याशी लग्नही केलं. ते कळलं तेव्हा मी जेवत होतो. हातातला घास तसाच ताटात ठेवला.

मग यंदा हाजी तोहीर यांच्या नातवाची सुंता ठरली आणि चार दिवस आधी चास्मादी मोटारसायकलवरून घसरला. उजवं मनगट मोडलं. वार्तिनी स्वतः माझ्या दारात आली.

"कांग तार्जाना, तुम्हीच वाजवा. दुसऱ्या कुणाबरोबर गायला मला धीर होत नाही."

मी आतून असा फुललो! एका दुपारीत हिला दाखवून देतो, ही कुणाला सोडून गेली ते. पुन्हा एकदा माझ्याबरोबर गायली की आपण होऊन परत येईल.

चास्मादीला भेटायला गेलो, तर त्याने डाव्या हाताने पेनड्राइव्ह पुढे केला. "माझे जोडलेले सगळे आवाज आहेत यात. न्या, कांग. तुमची पेटी माझ्याच जातीची, चालतील."

आमच्या धंद्यात असं कुणी देत नाही. याने पापड द्यावा तसा दिला. "बघतो, उपयोग झाला तर," मी म्हणालो.

सुंतेच्या दिवशी सकाळी मांडवात लावून पाहिलं. वर बारीक बासरी, तळाला गिटारची जाड तार, आणि मध्ये काहीच नाही. ओसाड! मला हसूच आलं. यासाठी लोक जीव टाकतात? मी मध्ये व्हायोलिनं भरली, बायकांचा घोळका भरला, अ‍ॅकॉर्डियनही बसवलं. आता कसं, मांडवासारखं वाटलं.

पोराला सिंहाच्या आकाराच्या पालखीतून मिरवून आणलं आणि गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्यातच वार्तिनीच्या गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. लोक भात चिवडत होते. पुढच्या रांगेतली म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आज ही अशी कोंबडीसारखी का ओरडतेय गं?"

दोन कडव्यांमधल्या वाजवण्यात वार्तिनी माझ्याकडे वाकली. "कांग, ते मधलं काढा."

"मधलं काढलं तर उरेल काय?"

"मी उरते ना."

होऊ दे फजिती, म्हणून रागारागाने मी भरलेलं सगळं बंद केलं. आणि ती गायला लागली. न ओरडता. बासरी आणि तार यांच्यामधल्या त्या ओसाड जागेत तिचा आवाज येऊन बसला, घरच्या माणसासारखा. चास्मादीने तिच्या गळ्याच्या मापाने जागा सोडली होती. म्हातारी नाचायला उठली, तिच्यामागे सगळी रांग उठली. मी वाजवत होतो आणि आतून जळत होतो. चास्मादीचा इतका हेवा मला आजवर कधीच वाटला नव्हता.

शेवटी हाजी साहेबांनी माझी पाठ थोपटली. "शाब्बास! अगदी चास्मादीच वाजवतोय असं वाटलं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

वार्तिनी भात-मासळीचा डबा बांधून घेत होती. मी म्हटलं, "थोडं थांब. पुढच्या महिन्यात एक लग्न आहे, त्याचं बोलू."

"नको, कांग. निघते मी. त्यांना हाताने जेवता येत नाही, भरवावं लागतं."

घरी येऊन पेटी लावली. ती माझ्याकडे असतानाचे माझे जुने आवाज काढले. व्हायोलिनं बंद केली. बायकांचा घोळका बंद केला. अ‍ॅकॉर्डियन बंद केलं. बासरी तेवढी राहिली, आणि तिच्याखाली खरोखरच चांगली ऐसपैस जागा झाली. मग वार्तिनीचं आवडतं गाणं वाजवायला घेतलं. मुखडा जवळ आला तशी सवयीने मान वर केली, तिला खूण करायला.