मनुबाईची साक्ष

मनुबाई बेळगावच्या खासबागेत आली ती लग्न होऊन, खानापूरकडच्या एका खेड्यातून. नवरा आण्णाप्पा एका शेडमध्ये यंत्रमागावर साड्या विणायचा. पुढं तीही त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळं ती घरातही ओरडूनच बोलायची. आम्हा शेजाऱ्यांना सुरुवातीला वाटायचं, भांडण चाललंय.

शेडचे मालक नेमगोंडा अण्णा मूळचे निपाणीकडचे. माणूस वाईट नव्हता. आण्णाप्पा दम लागून मागाशेजारी कोसळला, तेव्हा त्याला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं ते अण्णांनीच. डॉक्टर म्हणाले, सुताची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेलीय, फुप्फुसं निकामी होत आलीत. काम बंद करा आणि घरी ऑक्सिजनचं मशीन आणा.

कायद्यानं दहा माणसं कामाला असली की मालकानं त्यांचा आजारपणाचा विमा भरायचा असतो. मग औषधपाणी मिळतं, अंथरुणावर पडलेल्या दिवसांचा थोडा पगारही मिळतो. अण्णांच्या शेडमध्ये माणसं दहाच्या वरच होती. पण काही वर्षांपूर्वी त्यांनी मधोमध विटांची भिंत घातली आणि पलीकडचा भाग मुलाच्या, अतुलच्या नावावर केला. कागदावर दोन कारखाने झाले, दोन्हींत दहाच्या आत माणसं. भिंतीला दार मात्र ठेवलेलं. चहाची किटली दोन्हीकडं एकच फिरायची.

मनुबाई अण्णांकडं गेली.

"अण्णा, विमा असता तर ह्यांच्या औषधाची सोय झाली असती."

"व्हय गं. खरं विमा भरत बसलो तर माग कशावर चालवू? सुरतेची साडी माझ्यापेक्षा स्वस्त येतीया. आणि भिंत काय मी एकट्यानंच घातलीया?"

तेही खोटं नव्हतं. ती परत आली.

त्याच सुमारास राज्य सरकारनं या कायद्याच्या अंमलबजावणीचा आढावा घ्यायला एक समिती नेमली. समिती बेळगावात येऊन कामगारांचं म्हणणं ऐकणार होती. कामगार संघटनेचा सौरव मनुबाईच्या घरी आला. "मावशी, कायद्यातनं मालक कसे निसटतात, ते तुमच्यासारख्यांनीच सांगायला पायजे."

मनुबाईच्या शेजारी बसून कांड्या भरणारी मंगल मात्र हे ऐकून घाबरली. "आक्का, नको जाऊ. शेड बंद पडली तर आमी कुठं जायाचं?"

मनुबाईनं खाटेवरच्या नवऱ्याकडं बघितलं. आण्णाप्पा धापा टाकत म्हणाला, "जा तू. माज्यामागनं येणाऱ्यांचं तरी हुईल."

सभागृहात आधी मालकांच्या संघांची माणसं बोलली, मग वकील बोलले. तिची पाळी आली तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. प्रश्न कन्नडमध्ये आले, तिनंही कन्नडमध्येच उत्तरं दिली. भिंत सांगितली, दार सांगितलं, नवऱ्याची छाती सांगितली. "साहेब, सूत भिंतीच्या दोन्हीकडं उडतंय. विमा कुठल्याच बाजूला न्हाय."

समितीच्या अध्यक्षांनी मान डोलावली आणि शेजारच्या माणसाला शेडचा पत्ता लिहून घ्यायला सांगितलं. मनुबाईला वाटलं, काम झालं. घरी येऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हसला, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली.

पुढं विम्याचे इन्स्पेक्टर आले. भिंत बघितली, दार बघितलं, दोन्ही मिळून एकच कारखाना, विमा भरा, अशी नोटीस लावून गेले. अण्णा भांडले नाहीत. त्यांनी अतुलच्या बाजूचे सगळे माग भंगारात काढले आणि माणसं कमी केली. त्यात मनुबाई गेली, मंगल गेली, बाकीचे कितीतरी गेले. उरलेल्या मागांवर खरोखरच दहाच्या आत माणसं राहिली. आता विमा भरायचा प्रश्नच उरला नाही.

मंगलनं तिला भर गल्लीत गाठलं.

"बोल की आता आक्का, त्या माईकवर! माज्या पोरीचं, आरोहीचं कॉलेज बंद पडलं. कुणासाठी गेलतीस?"

मंगल रडत निघून गेली.

हे सगळं तिनं नवऱ्यापासून लपवलं. पण शेड मागच्याच गल्लीत, आणि मागांचा आवाज निम्म्यावर आलेला. एके दिवशी आण्णाप्पानं विचारलं, "पलीकडचे माग बंद हायत व्हय गं?"

"लाईट गेलीया तिकडची."

नंतर त्यानं कधी विचारलं नाही. गावाकडनं मनुबाईचा भाऊ भरमू दोनदा येऊन भेटून गेला. दिवाळीच्या आधी सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात आण्णाप्पा गेला. मातीला नेमगोंडा अण्णा आले, बाजूला उभे राहून डोळे पुसत होते. मनुबाईला त्यांचा रागही करता आला नाही. मंगल आली नाही.

समितीचं काय झालं, म्हणून मी सौरवला विचारलं. मुदत वाढवली, मग अध्यक्ष बदलले, आता अहवाल सरकारकडं आहे, विचार चालू आहे, असं तो म्हणाला. सांगताना त्याची नजर खाली होती.

मनुबाई आता जवळच्याच शहापुरातल्या एका खानावळीत भांडी घासते. तिथं तिच्यासारख्या आणखी दोघी आहेत. विम्याचं नाव तिथं कुणी काढत नाही, तीही काढत नाही. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा ती दारात कळशी घेऊन थांबते. मंगल आणि शेडमधनं कमी झालेल्या बाकीच्या बायका पाणी भरून घरात गेल्या, की मग ती नळाकडं जाते. तोवर धार बारीक झालेली असते.