‘व्हय’वर बाईंचा विश्वास नव्हता

आमच्या बाईंना कुणी पटकन ‘हो’ म्हटलं की शंका यायची. नगरच्या एका कॉलेजात त्या मानसशास्त्र शिकवायच्या. घरी पाहुणा आला की विचारायच्या, "चहा चालेल?" तो "चालेल" म्हणाला की लगेच, "की कॉफी करू?" तो बिचारा "तीही चालेल" म्हणायचा आणि अडकायचा. "म्हणजे तुम्हाला नक्की काय हवंय ते मला कळलंच नाही," असं म्हणून बाई त्याच्यासमोरच बसून राहायच्या. चहाला मग बराच उशीर व्हायचा.

एम.ए. झाल्यावर मी त्यांच्या हाताखाली कामाला लागले. पुण्यातल्या एका संस्थेने त्यांच्यावर परदेशी व्यक्तिमत्त्व चाचणीचं काम सोपवलं होतं. ती मराठीत आणायची आणि इथल्या माणसांना खरोखर लागू पडते का, ते तपासायचं. भाषांतर बाईंनी इतक्या वेळा बदललं, की आम्हाला लांबून पाहूनच टायपिंगवाला शटर ओढायला लागला. ‘मला पार्टीत मिसळायला आवडतं’ हे वाक्य शेवगावात वाचलं, तर समोरचा शेतकरी सावध झाला. "आमी कोनच्याच पार्टीत न्हाई," तो म्हणाला. बाईंनी पार्टी काढून लग्नकार्य घातलं आणि आठवडाभर खुशीत होत्या.

खरी अडचण पारनेरजवळच्या एका गावात आली. हिराबाई नावाच्या आजींनी ‘मला माणसांत राहायला आवडतं’ याला "व्हय" म्हटलं, आणि ‘मला एकटं राहायला आवडतं’ यालाही "व्हय". बाकीच्या बायकांचंही तेच. संस्थेच्या हिशेबाने या सगळ्या मनाने अस्थिर ठरत होत्या. मी म्हटलं, "बाई, यांची उत्तरं वगळू या." पण बाई ओसरीवर मांडी घालून बसल्या होत्या. याचा अर्थ आमची एसटी चुकणार, हे मला अनुभवाने माहीत होतं.

"आजी, दोन्हीला व्हय कसं?"

"तुमी एवढ्या उन्हाच्या आलात," हिराबाई म्हणाल्या. "तोंडावर न्हाई कसं म्हनायचं?"

"आणि मला राग येणार नाही, असं सांगितलं तर?"

"मग एकटं राहायचं लई भ्या वाटतं," हिराबाई म्हणाल्या. "मालक वारल्यापासनं."

बाईंनी सगळेच प्रश्न नव्याने मांडायला घेतले. संस्थेला मात्र अहवाल ताबडतोब हवा होता. पुण्याच्या बैठकीत बाई म्हणाल्या, "प्रश्न चुकलेत आपले. मला अजून वेळ द्या." वेळ मिळाला नाही. कामच काढून घेतलं.

परतीच्या एसटीत बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी विचारलं, "वाईट वाटतंय का?"

"खूप," त्या म्हणाल्या आणि चष्मा काढून डोळे पुसले. "पण तो अहवाल दिला असता तर त्या बायका अस्थिर ठरल्या असत्या, आणि खाली माझी सही असती."

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. मी आता त्यांच्याच विभागात शिकवते. माझी कागदावर सही मिळायला फार वेळ लागतो, अशी ऑफिसात तक्रार आहे. ती खरी आहे.