अनोळखी माणसाचा दहावा

नवऱ्याला सुरतेच्या दवाखान्यात एका मेंदू मृत झालेल्या माणसाची किडनी मिळाली. माणूस कोण, कुठला, हे कुणी सांगत नाही. ऑपरेशनच्या आधीच डॉक्टर म्हणाले होते, "दात्याच्या रक्तात जंतू वाढतात का, तो रिपोर्ट मागाहून येतो. तोवर किडनी ठेवता येत नाही."

"आणि वाढले तर?"

"मग त्यावरचं औषध द्यायचं."

मी सही केली.

जंतू वाढले. ते किडनीबरोबर ह्यांच्या अंगात आले असणार असं धरून शिरेतून भारी अँटिबायोटिक सुरू झालं. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली आणलेली. किडनी राहते की जाते, माणूस तरी राहतो का, हे आता त्या बाटलीवर होतं.

त्यात शहाद्याहून सासूबाईंचा फोन. "तो मानूस आते आपला घरना शे. त्याना दहावा आपलेच करना पडी. सुटी भेटनी की पोऱ्याले प्रकाशाले लई ये."

प्रकाशाला म्हणजे तापीकाठच्या तीर्थावर. डोकं भादरायचं आणि नदीत बुडी मारायची. पोटावरचे टाके अजून ओले होते. हे पलंगावरून म्हणाले, "आई बरोबर म्हणते. एवढं तरी करायला पाहिजे."

"टाक्यांत नदीचं पाणी गेलं की तुमचाही दहावा तिथेच उरकून घेऊ."

शेजारच्या पलंगाजवळची बाई हसली. हे रुसून भिंतीकडे वळले.

सासूबाईंना मी एवढंच विचारलं, "तो घरचा झाला ना? मग त्याची किडनी नदीवर नेऊन घालवायची का?"

मग त्या म्हणाल्या, "धाकल्याले बसाडसू."

धाकटा म्हणजे माझा दीर. त्याचा लगेच फोन. "वहिनी, किडनी दादाले अन् टक्कल मन्हं?"

"तुमचे केस परत येतील, भाऊजी."

तो दहाव्याला बसला. घाटावर कुणीतरी विचारलं, कोण गेलं? त्याला नातं सांगता येईना. शेवटी "भाऊ" म्हणाला.

ह्यांच्या रक्ताचीही तीच तपासणी केली, त्यात काही वाढलं नाही. अँटिबायोटिकचा कोर्स संपला, नर्सने हातातली सुई काढली. हे लगेच म्हणाले, "आता तरी जाऊ नदीवर?"

"वर्षश्राद्धाला बघू," मी म्हटलं, आणि पिशव्या भरायला घेतल्या.