सुभद्रेचा उचलायचा मांडव

सुभद्रेचे थोरले दीर भाई तिच्याशी थेट बोलत नसत. रीतच तशी. ती दोन हातांच्या अंतरावर उभी असली तरी ते घसा खाकरून धाकट्या भावाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला हाक मारायचे.

"धोंडू, सांग तिका. भात पिकला. माका खळा व्हया."

पदर पुढे ओढून सुभद्रा धोंडूला सांगायची, "त्यांका सांगा, वेल अजून फुलार आसत."

"भाई, ती म्हणता, वेल..."

"ऐकलंय. बहिरो नाय मी."

एवढं होऊनही उत्तर धोंडूच्याच हाती.

जामसंड्याच्या अलीकडच्या त्या वाडीत हे दर आश्विनात घडायचं. पावसाळाभर खळं रिकामं, म्हणून सुभद्रा गोठ्याच्या वळचणीला पडवळ, दोडकी लावी आणि खळ्यावर मांडव घाली. पण वेल भराला येतो ना येतो तोच हळवं, लवकर पिकणारं भात तयार. भाताचे भारे खळ्यात यायचे, की मांडव उतरायचा आणि फुलावरचे वेल गुरांपुढे पडायचे. घरातलं भात भाईंचं, नारळही भाईंचे. वेलीवरचं तेवढं तिचं. दिवाळीत कुणकेश्वराला माहेरी जाताना टोपलीत स्वतःचं काही घालावं, तर हाताला सुकं पानसुद्धा लागायचं नाही.

छप्पन्न सालच्या उन्हाळ्यात तिने युक्ती काढली. एक अखंड मांडव घालायचाच नाही. चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या काठ्या सुंभाने बांधून दाराएवढ्या सुट्या चौकटी करायच्या. आतली कड वळचणीला टेकवायची, बाहेरची खांबांच्या बेळक्यांत, वरच्या दुफाट्यांत नुसती ठेवायची. भात आलं की पेटीचं झाकण उघडावं तशी बाहेरची कड उचलून चौकट गोठ्याला उभी टेकवायची. खळं मोकळं, वेल जिवंत. अट एकच, एका चौकटीवर एकच वेल. शेजारच्या चौकटीकडे हात पसरणारे तणावे ती रोज सकाळी सोडवून परत फिरवी. "खंय चललंस? तुझा घर हंय आसा," असं वेलींना दटावताना शेजारच्या यशोदेने तिला ऐकलं, आणि आठवडाभर सगळी वाडी आपापल्या पोरांना तसंच दटावत होती.

खांबांचं काम धोंडूकडे होतं. त्याने पांगाऱ्याचे सरळ दांडे तोडले, काटे खरवडले आणि पहिल्या सरींबरोबर रोवले. दर पावसाळ्यात कुंपण लावताना तो नेमकं हेच करी.

खांबांना खालून कोंब फुटले, ते सुभद्रेने खुडले. वर बेळक्यांत, पानांच्या गर्दीत काय चाललंय ते कुणाला दिसलं नाही.

भारे आले. गडी डोक्यावर भार घेऊन खळ्याच्या तोंडाशी उभे राहिले. सुभद्रा आणि धोंडूने पहिली चौकट उचलायला घेतली. ती हलेना. पांगाऱ्याचे कोंब चौकटीच्या काठ्यांमधून वर निघून अंगठ्याएवढे जाड झाले होते, तणाव्यांनी त्यांना विळखे घातले होते, आणि खांब जमिनीत घट्ट रुजले होते.

"ह्यो माटव नाय रे, धोंडून कुंपण घातल्यान," भाराखालून गणपत गडी म्हणाला.

"दांडे सरळ गावले," धोंडू पुटपुटला.

"तुझो भाव सरळच, भाई. पण भारो खंय टाकू ता सांग. मान मोडली."

भाईंनी कोयता उचलला. "धोंडू, सांग तिका. वेल तोडूक व्हये."

"तोडूचाच तर पांगारो तोडा," सुभद्रा म्हणाली. "वेलींनी काय केल्यानी?"

ती सरळ भाईंकडे बघून बोलली होती. गड्यांनी भाराखालून माना वळवल्या. धोंडूने सवयीने तोंड उघडलं, "भाई, ती म्हणता..."

"गप रे. करवत हाड."

पांगारा मऊ लाकडाचा. बेळक्याखाली करवत लागली आणि एकेक खांब सुटला. पहिल्या चौकटीखाली भाईंनीच खांदा दिला. पडवळं त्यांच्या पाठीवर लोंबायला लागली.

"आता खंयच्या बाजून, सुभद्रा?" भाईंनी तिलाच विचारलं.

"बाहेरची कड वर. सावकाश. मुळाक वढ नको."

एकेक चौकट गोठ्याला उभी राहिली. राहिलेले बुंधे गणपतने कुदळीने काढले, आणि उरल्या उन्हात भारे खळ्यात पडले. सुभद्रा मात्र मागे वाकून प्रत्येक वेलाचं मूळ चाचपत होती. एक दोडकीचा वेल मुळाशी तुटला होता. बाकीच्या वेलींची पानं संध्याकाळी मान टाकून होती, सकाळी वर झाली.

पुढच्या वर्षी खांब वाळल्या पोफळीचे आले, आत ओल उरली नाही ना, ते सुभद्रेने स्वतः नख लावून पाहिलं. छप्पन्नच्या दिवाळीला मात्र कुणकेश्वराच्या वाटेवर टोपली इतकी जड झाली, की अर्ध्या वाटेत ती धोंडूने डोक्यावर घेतली.