किल्लीवाली आणि दहावा

सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेला असत, म्हणून लहानथोर तिला किल्लीवाली म्हणत. पहाटे दार उघडायचं, बाकं पुसायची, दिवे लावायचे, सगळे गेले की पुन्हा कुलूप. बदल्यात पगार आणि मागच्या अंगणातली एक खोली. चाळीस वर्षं हेच चाललं होतं.

समाजातल्या निराधार मुलांसाठी तिथे एक समिती होती. समितीबद्दल किल्लीवालीचं मत फार जुनं होतं. हे लोक विहिरीत पडलेल्याला दोर जरूर टाकतील, पण फोटोवाला आल्यावर, असं ती म्हणे. ती स्वतः त्याच समितीच्या पदराखाली वाढलेली. सभागृहाच्या भिंतीवर तिसऱ्या चौकटीत एक पोरगी आहे, अंगात दोन मापं मोठा फ्रॉक, आणि एका दानशूर बाईंनी तिचा हात धरलाय. ती पोरगी हीच. फोटो निघाल्याबरोबर बाईंनी हात सोडून रुमालाला पुसला होता, हे ती विसरली नव्हती. दर आठवड्याला ती सगळ्या काचा पुसायची, पण त्या बाईंची जरा कमी.

दहा वर्षांपूर्वी समितीने आई गेलेला एक आठ वर्षांचा मुलगा आणला. दोन घरांनी त्याला सांभाळायला घेतलं आणि न बसणारी चप्पल दुकानात परत करावी तसं परत केलं. मग त्याला समितीच्या वसतिगृहात टाकलं. तेरा वर्षांचा होईपर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

तेरा पूर्ण झाली आणि अचानक तो मोलाचा झाला. सकाळच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि तेरा वर्षं भरली की मुलगा पुरुष धरला जातो. तरुण मंडळी पोटापाण्यासाठी पांगली होती, उरले होते समितीचे अध्यक्ष धरून नऊ म्हातारे. माणसं आकड्याने मोजू नयेत अशी त्यांची रीत. म्हणून अध्यक्ष दहा शब्दांचा एक श्लोक म्हणत, एकेका शब्दाला एकेकाकडे बघत, आणि शेवटचा शब्द या पोरावर येई. तिथून त्याचं नाव पडलं दहावा. प्रार्थना संपली की म्हातारे नाश्त्याला बसत आणि दहावा किल्लीवालीच्या पायरीवर बसून तिच्या हातचा चहा पिई. कामापुरता मामा म्हणतात तो हाच. पाच वर्षांत तो एकदाही चुकला नाही.

अठरा पूर्ण व्हायच्या आठवड्यात त्याला पत्र आलं. आता तू सज्ञान झालास, स्वतःच्या पायावर उभा राहा, वाढदिवशी संध्याकाळी खोली रिकामी कर, सोबत एक छानसा पेन. खाली अध्यक्षांची सही. किल्लीवालीने वाचून पत्र पायरीवर आपटलं आणि समितीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मुलाने खाली बघत विचारलं, "मावशी, छापखान्यात काम मिळालंय, पगार महिनाअखेर. तोवर तुझ्या खोलीत पडलो तर?"

नोकराच्या खोलीत दुसरं कुणी राहायचं नाही असा नियम होता. या वयात खोली गेली तर जायचं कुठे? ती म्हणाली, "नियम आहे रे बाबा."

तो बरं म्हणाला आणि वाढदिवशी संध्याकाळी बॅग घेऊन गेला. जाताना त्याने वाकून तिला नमस्कार केला, तेच तिला जास्त लागलं. समितीवर थुंकणारी आपण, आणि वेळ आली तेव्हा तोंडातून निघालं ते समितीचंच वाक्य. त्या संध्याकाळी तिला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या वडिलांचा मृत्युदिन होता. वडिलांसाठी कद्दिश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायची, तीही दहा जणांशिवाय म्हणता येत नाही. ठेवणीतला कोट घालून अध्यक्ष उभे राहिले, श्लोक सुरू झाला, नऊ शब्दांना नऊ म्हातारे मिळाले. दहावा शब्द तोंडातच राहिला.

"तो कुठेय?" अध्यक्षांनी तिला विचारलं.

"तुम्हीच घालवलात ना काल? सही कुणाची होती?"

अध्यक्षांचा चेहरा पडला. फोन कर म्हणाले. ती बाक पुसत राहिली. नंबर तिला पाठ होता, पण बापासाठी रडवेला झालेला तो माणूस बघून तिला काडीची दया आली नाही.

तेवढ्यात दार वाजलं. पोरगा आला होता, हातात बॅग, अंगावर कालचाच सदरा, गालावर बाकड्याच्या फळीचा वळ. रात्र त्याने बसस्थानकावर काढली होती. सकाळ झाली की इथे यायचं, एवढंच त्याला माहीत होतं. तो आपल्या जागी जाऊन उभा राहिला. कद्दिश झाली. अध्यक्ष रडले.

नंतर डोळे पुसत ते त्याच्याजवळ आले, पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "काय रे, तुझं नाव काय?"

पाच वर्षं ज्याच्यावाचून अडत होतं, त्याचं नाव यांना माहीत नव्हतं. मुलगा नुसता हसला.

किल्लीवालीने फडकं खांद्यावर टाकलं, त्याची बॅग उचलली आणि सगळ्यांसमोर अंगण ओलांडून आपल्या खोलीत नेऊन ठेवली. अध्यक्ष मागोमाग आले. घसा खाकरत म्हणाले, की समितीचा नियम असा आहे...

"माहीत आहे," ती म्हणाली, "उद्या सकाळी याच्यावाचून दहा भरले की सांगा."