पाणचिऱ्याचा दुसरा साक्षीदार

पक्षी बघणाऱ्यांच्या वहीत नाव, संख्या, तारीख आणि जागा एवढंच लिहितात. नदीवर बाकी जे काही घडतं ते त्या चार खान्यांत बसत नाही. घरी सांगावं तर बायको म्हणते, उन्हात टोपी घालत जा. मग ते नुसतं साचत जातं. माझ्याकडे आता इतकं साचलंय की कोणाला तरी सांगून टाकलेलं बरं. तुम्ही चहा घ्या, मी सांगतो.

आमचा ग्रुप चौघांचा. दत्तूआबा आमच्या खंडेराव गेटच्या गल्लीतले. रेल्वेत नकाशे काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्यामुळे कानामागे पेन्सिल कायम. सक्सेना मॅडम गणित शिकवून रिटायर झालेल्या. वही त्यांच्याकडे, आणि त्यांच्या वहीत खाडाखोड सापडणार नाही. जुगल भैया मूळचे टहरौली गावचे, जीप त्यांची. चौथा मी, विनय, बँकेत क्लार्क. ग्रुपचा थर्मास माझ्याकडे असतो, यावरून माझी योग्यता कळावी.

दर रविवारी पहाटे मोठ गावच्या रस्त्याने निघायचं, मध्येच उजवीकडे कच्च्या वाटेला लागायचं आणि बेतवा नदीच्या वाळूवर उतरायचं. आबा आणि मी मराठीत बोलतो, बाकीच्यांशी हिंदीत. आणि काठावर पोचलं की कोणीच बोलत नाही.

न बोलता काम कसं चालतं, तर आबांनी पद्धत बसवून दिली होती. पुढच्याच्या खांद्यावर एक टकटक म्हणजे ‘बघ’. दोन म्हणजे ‘मलाही दिसला’. आबा सगळ्यांत उंच, म्हणून कायम मागे डावीकडे उभे राहायचे आणि पेन्सिलीच्या बोथट टोकाने खांद्याच्या हाडावर मारायचे. चांगलं लागायचं हो! रविवारी संध्याकाळपर्यंत ती जागा दुखत असे.

दुसरा नियमही त्यांचाच. दोघांनी पाहिलेला पक्षीच वहीत पुढे लिहायचा, दोन्ही नावांसकट. एकट्याने पाहिलेला गेला मागच्या पानांवर. पुढे कधी तो दोघांना दिसला, तर मागच्या नोंदीवर तिरपी रेघ मारायची. पहिल्या वर्षी ग्रुपमध्ये एक गृहस्थ होते, त्यांना दर रविवारी गरुड दिसायचा. नियम झाला आणि गरुड यायचा थांबला. ते गृहस्थही थांबले.

आणि मग आबा स्वतःच त्या नियमात अडकले. एका जेठात, म्हणजे आपल्या ज्येष्ठात, आम्ही तिघं वर जीपपाशी पाणी आणायला गेलो होतो, तेवढ्यात त्यांना पाणचिरा दिसला. नारिंगी चोचीचा, खालची चोच वरचीपेक्षा लांब, ती पाण्यात बुडवून नदी चिरत जाणारा. आमच्या पट्ट्यात कोणी पाहिला नव्हता. आबा वाळूतून पळत आले. सत्तरीचा माणूस, चप्पल एका पायात.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि वही मागून उघडली. म्हणाल्या, "आबाजी, नियम आपका है."

आबांनी स्वतःच्या हाताने नोंद केली, मागच्या पानावर. त्यानंतर पाच उन्हाळे त्यांनी दुसऱ्या साक्षीदारासाठी घालवले. जेठ लागला की फोन करायचे, विनू, यंदा तू माझ्या शेजारून हलायचं नाही. मी हललो नाही. पाणचिरा आला नाही.

*

धुक्याचा किस्सा आधी सांगतो. पूस म्हणजे पौष महिना, पाच हातांवरचं दिसेना. काठावर नुसते उभे होतो. वरून पट्टकादंब हंस जाताना ऐकू येत होते, पंखांचा आवाजसुद्धा. मॅडम डोळे मिटून हुंकार मोजत होत्या.

समोरून एका माणसाने सहज विचारलं, "कितने हैं?"

मॅडम डोळे न उघडताच म्हणाल्या, गिनती चल रही है. त्यावर तो माणूस बरं म्हणाल्यासारखं घशातल्या घशात काहीतरी बोलला आणि गप्प झाला. मला वाटलं जुगल भैया. जुगल भैयांना वाटलं मी.

तासाभराने धुकं फाटलं. समोर पाणी होतं, आणि तिथे बांबू बुडेल इतकं खोल. होडी नाही, खडक नाही. जुगल भैया म्हणाले, "मैडम, उतै तो नदिया है."

मॅडमनी वही काढली. नोंदीत पट्टकादंब चाळीसच्या आसपास लिहिले, आवाजावरून. पुढे शेऱ्याच्या खान्यात लिहिलं, ‘आदमी, एक, आवाजावरून’. हिंदीत लिहिलं होतं, पण अर्थ तोच. साक्षीदार चारही जण.

*

चैतातली गोष्ट. टिटव्या वाळूवर अंडी घालतात, आणि त्या दिवसांत तिथून कोणी चालत गेलं की त्याच्या डोक्यावर घिरट्या घालून कोकलतात. कुत्रा असो, गुराखी असो, पार हद्दीबाहेर पोचवून येतात.

आम्ही चौघं एका मोठ्या दगडावर बसलो होतो. खालच्या अंगाला टिटव्यांची एक जोडी उठली. कोणावर तरी सूर मारत होती. दुर्बीण लावली तर खाली मोकळी वाळू. टिटव्या सूर मारत मारत आमच्याकडे येऊ लागल्या, माणूस चालतो त्या बेताने. एका जोडीची हद्द संपली की पुढची जोडी उठायची. मी घड्याळ पाहत होतो, कारण दुसरीकडे कुठे पाहावं ते मला कळेना.

आमच्यापासून दहा पावलांवर येऊन ते थांबलं. टिटव्या आबांच्या समोरच्या रिकाम्या जागेवर ओरडत होत्या. जुगल भैया उठले, चपला काढल्या आणि बाजूला झाले. आबाही उठले. मग मीही.

टिटव्या आमच्या मधून गेल्या, पाण्याच्या कडेपर्यंत. तिथे गप्प झाल्या आणि परत आपापल्या अंड्यांवर जाऊन बसल्या.

मॅडम एकट्या बसून राहिल्या होत्या. म्हणाल्या, साप असेल. जुगल भैयांनी चपला घातल्या आणि नदीकडे पाहत म्हणाले, "पार हो गए."

*

सावनात वाळू पाण्याखाली जाते, तेव्हा वर टेकाडावरून बघायचं. एकदा पुरात एक खाट वाहत आली. उलटी नव्हती, अगदी नीट अंथरलेली, उशीसकट. पांघरूण कोरडं दिसत होतं. उशीवर एक वंचक बगळा मान आखडून बसला होता.

आम्ही ती खाट वळणापलीकडे जाईपर्यंत पाहिली. कोणी कोणाला टकटक केली नाही. जुगल भैयांनी हात जोडले. परतताना जीपमध्ये आबा एवढंच म्हणाले, की त्याला बसायला दुसरी जागा नव्हती का रे.

वहीत आहे ते. वंचक, एक. जागेच्या खान्यात: खाट.

*

मागच्या हिवाळ्यातलं मला सांगायला जड जातं. आबांचे डोळे गेले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण फरक पडला नाही. आम्हाला ते कळू देत नव्हते. दुर्बीण लावायचे, दोन टकटक द्यायचे.

मॅडमना शंका आली. एका रविवारी त्या पुढे उभ्या होत्या, आबा मागे. मॅडमनी हळूच सांगितलं, दस बजे, ठूँठ पर किलकिला. म्हणजे डावीकडे, वाळक्या खुंटावर खंड्या. मी पाहिलं. खुंटावर काही नव्हतं.

आबांनी दुर्बीण लावली, थोडा वेळ धरली आणि मॅडमच्या खांद्यावर दोनदा टकटक केली.

 मॅडमनी तो खंड्या लिहिला नाही, आणि त्या दिवसापासून आबांनी दुजोरा दिला की माझ्याकडे पाहायच्या. मी मान हलवली तरच लिहायच्या. आबांना दिसत नव्हतं, पण पेनाचा आवाज थांबलेला ऐकू येत होता. मला त्या बाईंचा फार राग आला होता, खरं सांगतो.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी चहा घेताना आबा आपणहून म्हणाले, "मैडम, उस दिन किलकिला नहीं था. मुझे मालूम है."

मॅडमनी विचारलं, फिर आपने दो बार क्यों कहा.

आबा म्हणाले, "आपने कहा था, तो होगा. आपका देखा हुआ अकेला न रह जाए."

मॅडम उठून पाण्याच्या कडेला गेल्या. मी त्यांचा चहा कपावर ताटली ठेवून झाकला.

होळीच्या आधी आबा गेले. झोपेतच गेले. त्यांच्या मुलाने पेन्सिल आणून दिली, ती मॅडमनी वहीला दोऱ्याने बांधली आणि वही जीपमध्ये ठेवली. पाणचिरा मागच्या पानावर तसाच राहिला. घाटावरून येताना माझ्या डोक्यात तेवढंच होतं, की या माणसाचं एवढं एक काम आपल्याकडून झालं नाही.

*

त्यानंतर आम्ही तिघं जात होतो. आबांची एक शिट्टी होती, तीन आखूड आणि एक लांब. ती वाजली की सामान आवरून निघायचं.

बैसाखातल्या एका रविवारी काठावर बसलो होतो. मागच्या अर्जुनाच्या झाडातून शिट्टी आली. तीन आखूड, एक लांब. मी थर्मासचं झाकण लावलं. जुगल भैयांनी चादर झटकली. मॅडमनी दुर्बिणीला कव्हर घातलं. ओळीने चालत जीपपाशी पोचलो, आणि मग तिघंही एकमेकांकडे बघत उभे राहिलो.

मॅडम म्हणाल्या, दयाळ आहे, तो इतर आवाजांची नक्कल करतो, आबांची ऐकून शिकला असेल. बरोबरच आहे ते. त्या झाडात दयाळ होता, आम्ही नंतर पाहिला.

जुगल भैयांनी फक्त एवढंच विचारलं, की मग हा इतकी वर्षं चूप का होता. त्यावर मॅडम दार उघडून आत बसल्या.

*

आता शेवटचं. हे याच जेठातलं.

सकाळचे सात वाजले असतील. ऊन पडलं होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. जुगल भैया वर जीपपाशी रेडिएटरमध्ये पाणी घालत होते. मॅडम पाण्याच्या कडेला, जिथे आबांनी पाणचिरा पाहिला होता तिथेच उभ्या होत्या. मी त्यांच्या मागे वीसेक पावलांवर, वाळूत मांडी घालून कप मांडत होतो. एका हातात थर्मास, दुसऱ्यात कप. हे लक्षात ठेवा.

मॅडमनी दुर्बीण उचलली. त्यांची पाठ ताठ झाली. त्या पाण्याच्या रेषेवर काहीतरी डावीकडून उजवीकडे जाताना पाहत होत्या, मान सावकाश फिरत होती. मग त्यांचा डावा खांदा थोडा दचकला. दोनदा.

दुर्बीण खाली न घेता त्या अगदी हळू म्हणाल्या, "जी आबाजी. तीन हैं."

माझ्या हातातला चहा वाळूत सांडला. उठून दुर्बीण लावेपर्यंत वळणापाशी पाण्यावर तीन लांब रेघा उरल्या होत्या. त्याही बघता बघता मिटल्या. पक्षी मी पाहिला नाही. शपथेवर सांगतो, नाही पाहिला.

मॅडम वळल्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या थर्मासकडे, मग आमच्या मधल्या वाळूकडे. तिथे त्यांच्या पावलांची एकच ओळ होती.  

जीपपाशी आलो. मॅडमनी वही बोनेटवर ठेवली, पुढून उघडली. पनचीरा, तीन. तारीख लिहिली, जागा लिहिली, पहिलं नाव आपलं लिहिलं. मग हात थांबला.

मला राहवलं नाही. आबांसाठी एक खोटं बोलायला माझी काही हरकत नव्हती. म्हटलं, मॅडम, दुसरं नाव माझं लिहा, मी लांबून पाहिलं.

"नहीं विनय भैया," त्या म्हणाल्या. "आपने नहीं देखा. जिन्होंने देखा है, उन्हीं का लिखूँगी."

त्यांनी पेन बाजूला ठेवलं, दोऱ्याची पेन्सिल घेतली आणि दुसरं नाव लिहिलं. मग वही मागून उघडून आबांच्या जुन्या नोंदीवर तिरपी रेघ मारली. जुगल भैयांनी जीप सुरू केली. मॅडम मोठच्या रस्त्याला लागेपर्यंत उजव्या हाताने डावा खांदा चोळत होत्या.